काठ नसलेला नद

ब्रह्मपुत्राला काठ नसतो. आसामबाहेरच्या माणसाला हे कवितेतले बोलणे वाटेल. जोरहाटजवळच्या निमाती घाटावर ते रोजच्या व्यवहारातले वाक्य आहे. घाट म्हटला की आपल्यापुढे वाई उभी राहते, पैठण उभे राहते, चंद्रभागेच्या पायऱ्या आठवतात. निमातीला पायरी नाही, दगड नाही. वाळूवर टाकलेल्या फळ्या, पाण्यावर डुलणारा लोखंडी तराफा आणि बांबूच्या कुडांची, पत्र्याच्या छपरांची चहाची दुकाने. दुकान बांधायचे तेच मुळी लवकर सोडवून उचलून नेता येईल अशा बेताने. पाणी चढले की तराफा मागे सरतो, ओसरले की पुढे जातो, आणि कड ढासळली की अख्खा घाट आपले सामान उचलून जरा वर नाहीतर जरा खाली नव्याने बसतो. नकाशातले नाव तेवढे तेच राहते.

आपण कातळावर वाढलेली माणसे. कृष्णा, गोदावरी, भीमा या साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या दगडात आपापली वाट कोरून बसल्या आहेत. त्यांच्या तीरावर यादवांच्या काळात उभे राहिलेले देऊळ आजही त्याच तीरावर असते. नदी म्हणजे पाणी आणि काठ म्हणजे त्या पाण्याची ठरलेली हद्द, ही आपली समजूत आपल्या भूगोलाने घडवली आहे. ती घेऊन ब्रह्मपुत्रासमोर उभे राहिले की डोळे गोंधळतात. समोर दिसते ते पलीकडचे तीर, की मधले बेट, की वाळूची पट्टी, की नुसती धुक्याची रेघ, ते ठरवता येत नाही. आसामच्या वरच्या भागात त्याचा पसारा कुठेकुठे पंधरा किलोमीटरांच्याही पुढे जातो. थंडीत त्या पसाऱ्यात एक नदी नसते, असंख्य प्रवाह असतात. एकमेकांपासून फुटणारे, पुन्हा मिळणारे, सुटलेल्या वेणीच्या पेडांसारखे. मधे मैल मैल पांढरी वाळू.

आसामात त्याला लुइत म्हणतात, मायेने बुढा लुइत. कालिकापुराणाने त्याला ब्रह्मदेवाचा मुलगा म्हटले आहे. तिथली माणसे त्याच्याविषयी घरातल्या कर्त्या पुरुषाविषयी बोलावे तशी बोलतात, म्हणून मीही त्याला 'तो'च म्हणणार आहे.

निमातीहून माजुलीला जाणाऱ्या फेरीत पोटात माणसे असतात, टपावर मोटारसायकली, तांदळाची पोती, कधी एखादी जीप. नाकाडावर एक पोरगा लांब बांबू घेऊन उभा. थोड्या थोड्या वेळाने तो बांबू पाण्यात खुपसतो, टेकला की ओरडतो, आणि सुकाणूवरचा माणूस नाव वळवतो. सरळ समोर दिसणाऱ्या बेटाकडे फेरी नागमोडी जाते. मी सुकाणूवाल्या दादांना विचारले, वाट पाठ नाही का झाली इतक्या वर्षांत? ते म्हणाले, "पाठ करून काय करू? कालची वाट आज बुजलेली असते." त्या पाण्याचा रंग मातीचा. तांब्यात घेऊन जरा ठेवले तर तळाशी बारीक करडी पूड बसते. बोटांत चोळली तर ती अभ्रकाने चमकते. ती पूड हिमालयाची आहे. ब्रह्मपुत्राची ओळख करून घ्यायची तर पाण्याआधी या पुडीची करून घ्यावी, असे मला वाटते. पाणी हे वाहन आहे. त्यावर बसून एक पर्वत समुद्राकडे चालला आहे.

तो येतो कैलास-मानससरोवराच्या बाजूच्या हिमनद्यांतून. तिबेटात त्याचे नाव यारलुंग त्सांगपो. हिमालयाच्या पाठीमागून, जगातल्या सर्वांत उंच मोठ्या नद्यांपैकी एक म्हणून, तो हजार-दीड हजार किलोमीटर पूर्वेकडे शांतपणे वाहतो. मग वाटेत नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७,२९४ मीटर) ही दोन शिखरे येतात. त्यांच्या मधून तो आरपार जातो, शिखराला वळसा घालतो आणि दक्षिणेकडे तोंड करतो. शिखरांपासून पाण्यापर्यंतची खोली इथे पाच हजार मीटरांच्या आसपास भरते. पर्वत अजूनही वर उचलला जातो आहे आणि नद त्याला तितक्याच जोराने कापतो आहे. जगात जमीन सर्वांत वेगाने झिजते अशा थोड्या जागांत भूशास्त्रज्ञ या वळणाची गणना करतात. माझ्या बोटाला लागलेल्या त्या चमकत्या पुडीचा मोठा वाटा इथला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे कुणालाच नीटसे ठाऊक नव्हते. तिबेटातला त्सांगपो डोंगरांत शिरतो एवढे माहीत होते. आसामच्या बाजूला डोंगरांतून दिहांग, म्हणजेच सियांग, बाहेर पडतो हेही माहीत होते. दोन्ही एकच का, हा वाद होता. एक असतील तर एवढी उंची हा प्रवाह उतरतो कसा? मधे नायगारासारखा प्रचंड धबधबा असला पाहिजे, असे लंडनमधले भूगोलवाले म्हणत. तिबेटात गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन हारमन यांनी १८८० साली एका चिनी लामाबरोबर किंथुप नावाच्या माणसाला धाडले. किंथुप मूळ सिक्कीमचा, दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करणारा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. काम असे होते: त्सांगपोच्या खोल दरीत शिरायचे, खुणा केलेले ओंडके ठरल्या दिवशी पाण्यात सोडायचे, खाली आसामात माणसे पाळत ठेवतील, ओंडके आले तर दोन्ही नद्या एक.

लामाने वाटेत पैसे उडवले आणि किंथुपला एका तिबेटी अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकून तो निघून गेला. किंथुप महिनोन्महिने राबला, मग पळाला. तो घरी मात्र पळाला नाही. तो नदाच्या दिशेने, दरीत, आणखी खोल गेला. माग काढणारे पाठीवर आले तेव्हा मारपुंगच्या मठातल्या मुख्य लामाच्या पायांवर त्याने डोके ठेवले. लामाने ५० रुपये मोजून त्याला विकत घेतले. म्हणजे पुन्हा गुलामीच, फक्त मालक दयाळू. तीर्थयात्रेची रजा मागून मागून त्याने जंगलात ५०० ओंडके तोडले, लपवून ठेवले, ल्हासापर्यंत जाऊन एका ओळखीच्या सिक्कीमी माणसाकडून हारमनसाठी पत्र लिहून घेतले, परत आला, आणि ठरवलेल्या दिवसांत रोज ५० याप्रमाणे १० दिवस ते ओंडके नदात सोडले.

पत्र वेळेत पोहोचले नाही. हारमन आजारी पडून भारत सोडून गेले होते आणि पुढे वारले. आसामात कुणीही पाळतीवर नव्हते.

पासीघाटला सियांग डोंगरांतून बाहेर पडतो तिथे, गुळगुळीत गोट्यांच्या विस्तीर्ण किनाऱ्यावर मी बराच वेळ बसलो होतो. डोंगराच्या फटीतून हिरवेगार पाणी जोराने येते आणि इथे पहिल्यांदा त्याला सपाट जमीन भेटते. इथूनच ते ५०० ओंडके गेले असणार. दहा दिवस, दिवसरात्र, कुणाची नजर नसताना. तिथल्या आदी जमातीच्या एखाद्या पोराने एखादा ओंडका सरपणाला ओढून नेला असेल. किंथुप १८८४ मध्ये परतला. त्याने पाहिलेले सगळे तोंडी सांगितले, ते टिपून घेतले गेले, आणि बहुतेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९१३ साली बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या दरीत जाऊन आले, तेव्हा त्या निरक्षर शिंप्याच्या आठवणीतला तपशील बहुतांशी खरा निघाला. नायगारा तिथे नव्हता. नद तिथे एका उडीत पडत नाही, कित्येक मैल कोसळत राहतो. हिमालयातल्या शोधांच्या पुस्तकांत मोठी नावे पुष्कळ आहेत. माझ्या लेखी या नदाचा शोध किंथुपचा.

पासीघाटच्या खाली सियांग, दिबांग आणि लोहित एकत्र येतात आणि तिथून ब्रह्मपुत्र हे नाव लागते. लोहिताच्या वरच्या अंगाला परशुरामकुंड आहे. मातृहत्येनंतर परशुरामाच्या हाताला चिकटलेला परशू या पाण्यात सुटला, अशी कथा. चिपळूणच्या परशुरामाला हात जोडून मोठा झालेला कोकणी माणूस देशाच्या पार पूर्व टोकाला, मकरसंक्रांतीच्या गर्दीत, आपल्याच देवाच्या आयुष्याच्या वेगळ्या पानावर जाऊन पोहोचतो. इकडे त्याने समुद्र हटवून जमीन मिळवली. तिकडे पाण्याने त्याचा भार उतरवला. मात्र ते जुने कुंड आता त्या जागी नाही. १९५० च्या भूकंपात ती जागा मोडली आणि कुंड सरकले. या नदाजवळ तीर्थालाही कायमचा पत्ता मिळत नाही.

तो भूकंप १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळचा. तीव्रता ८.६, भारताच्या नोंदींतला सर्वांत मोठ्यांपैकी एक. पूर्व हिमालयाचे उतार अंगावरची जंगले घेऊन नद्यांत बसले. सुबनसिरी नदी डोंगरकड्याने अडली, काही दिवसांनी तो बांध फुटला आणि पाण्याची भिंत गावांवरून गेली. पुढची कित्येक वर्षे ढासळलेला डोंगर हळूहळू खाली येत राहिला. डिब्रूगडजवळ नदाचा तळ सुमारे तीन मीटर वर आला. तळ वर आला की पाणी बाजूला सरकते. त्याने डिब्रूगड शहराचा मोठा भाग खाल्ला. जुने सदिया नदीत गेले. आसामातल्या वयस्क माणसांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग असतात, 'बर भूईंकप'च्या आधीचा आणि नंतरचा.

आकडे मी शक्यतो टाळतो, पण हा एक सांगायलाच हवा. १९५० पासून आसामातली ४.२७ लाख हेक्टर जमीन नद्यांनी कापून नेली, असे राज्याच्या जलसंपदा विभागाचे म्हणणे आहे. अख्ख्या गोव्याचे क्षेत्रफळ ३.७० लाख हेक्टर आहे. एवढी घरे, सुपारीच्या बागा, शाळा, नामघरे (प्रार्थनाघरे) गेली. पूर येतो आणि ओसरतो. कड गेली की गेली. पुरानंतर माणूस आपल्या चिखलभरल्या घरात परत जाऊ शकतो. कडेबरोबर सातबाराच वाहून गेलेल्या माणसाने कुठे परत जायचे?

माजुलीत हे रोज दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १,२०० चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट आता निम्म्याच्या आसपास उरले आहे. तरी ते बुडणाऱ्या जागेसारखे वाटत नाही. मोहरीची पिवळी शेते, मिसिंग लोकांची खांबांवर उभारलेली लांबट चांगघरे, घराखाली माग आणि मागावर बाई, तळ्यांत कमळे, बगळे. सकाळी चिरा (पोहे), दही आणि गूळ असे जलपान. संध्याकाळी सत्राच्या, म्हणजे वैष्णव मठाच्या, नामघरात टाळ आणि खोल नावाचा मृदंग वाजू लागतात. या भक्तिपंथाचे प्रवर्तक श्रीमंत शंकरदेव आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांची पहिली भेट या बेटावर झाली. एका देवाचे नाम, सगळ्या जातींना उघडे दार, नाटकातून आणि गाण्यातून भक्ती. आपल्या कीर्तनाची सवय असलेल्या कानाला ते टाळ परके वाटत नाहीत. पण त्या भेटीची जागा दाखवा म्हटले तर कुणीही पाण्याकडे बोट करते. ती जागा, बेलगुरी, आता नदात आहे. कित्येक सत्रे मूर्ती, पोथ्या, ढोल, मुखवटे घेऊन एका जागेवरून दुसरीकडे, तिथून मुख्य भूमीवर गेली. सत्र म्हणजे इमारत असे मानले असते तर हा संप्रदाय केव्हाच संपला असता. माणसांनी ते नाचात, गाण्यात, पाठांतरात ठेवले, आणि २००० साली सत्रिया नृत्याला शास्त्रीय नृत्याचा मान मिळाला.

बेटाच्या एका टोकाला सालमोरा आहे, कुंभारांचे गाव. चाक वापरत नाहीत. बायका हातानेच मडके घडवतात, थापटतात. त्यासाठी लागणारी चिकणमाती कडेला खोल खड्डा खणून काढावी लागते. म्हणजे जो नद गाव खातो, त्याच्याच जुन्या गाळावर गाव जगते. भरलेली मडकी होड्यांत घालून खाली-वर न्यायची आणि भातावर विकायची, हा त्यांचा पिढ्यांचा व्यापार. एका आजींनी मला विचारले, "तुमच्याकडची नदी मोठी आहे का?" मी म्हणालो, मोठी आहे, पण जागची हलत नाही. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग तिच्याजवळ घर बांधून निवांत झोप लागत असेल." त्या आवाजात हेवा नव्हता, निव्वळ चौकशी होती.

माजुलीत एक नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. संजय घोष. मुंबईत वाढलेला, शिकलेला हा माणूस राजस्थानच्या वाळवंटात वर्षानुवर्षे काम करून १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह माजुलीत आला. गावकऱ्यांना हाताशी धरून, स्थानिक सामान आणि श्रमदान यांच्या बळावर त्यांनी कडेचा एक पट्टा बांधून काढला. कंत्राटांवर खर्च होणाऱ्या पैशाच्या अगदी थोड्या भागात होणारे हे काम होते. ४ जुलै १९९७ रोजी उल्फा या सशस्त्र संघटनेने संजय घोष यांचे अपहरण केले. ते परतले नाहीत. देहही मिळाला नाही. नद माणसांना बेघर करतो तेव्हा त्यात द्वेष नसतो. इथे द्वेष होता, आणि या हानीची भरपाई माजुलीला आजवर झालेली नाही.

खाली गुवाहाटीला हा पसारा एकाएकी आवळतो. दोन्ही बाजूंनी डोंगर पुढे येतात आणि सव्वा किलोमीटरभर रुंदीतून सगळे पाणी निमूट जाते. ती जागा सराईघाट. आहोम सेनापती लाचित बरफुकन यांनी १६७१ मध्ये मोगल आरमाराला गाठले ते इथे. पसरट पात्रात मोगलांच्या संख्येपुढे निभाव लागला नसता. अरुंद पाण्यात लहान, चपळ होड्यांचे राज्य. समोर सेनापती होता रामसिंग, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. आग्र्यात शिवाजी महाराजांची जामीनकी घेतलेला तोच हा. महाराज निसटले, रामसिंग औरंगजेबाच्या मनातून उतरला आणि पुढे आसामच्या या अवघड मोहिमेवर धाडला गेला. आग्र्याच्या सुटकेचा एक धागा थेट या पाण्यापर्यंत येतो, हे शाळेत आम्हांला कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. तापाने फणफणलेला लाचित होडीत चढला आणि मागे हटणारे सैन्य उलटले. सह्याद्रीत डोंगराने जे केले, ते इथे नदाने केले.

आता पुन्हा वर, नामचा बारवाच्या वळणाकडे. जुलै २०२५ मध्ये चीनने तिथे एका जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केल्याचे जाहीर केले. क्षमता ६०,००० मेगावॉट, म्हणजे चीनच्याच थ्री गॉर्जेस धरणाच्या अडीच पटींहून जास्त. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे सियांगवर मोठे धरण बांधण्याची तयारी आहे, आणि आदी जमातीची गावे त्याला विरोध करीत आहेत. या वादात सगळे पाण्याविषयी बोलतात: किती अडेल, किती सोडतील. पुडीविषयी फार थोडे बोलतात. धरण पाणी कधीतरी सोडतेच. गाळ मात्र पोटात ठेवते. गाळ उतरवून आलेले पाणी भुकेले असते, ते खालच्या कडा अधिक जोराने कापते. काझीरंगाची गवताळ जमीन, तिथली तळी, त्यांतले मासे, बांगलादेशात जमुना म्हणवणाऱ्या याच नदाचे चर (वाळूची बेटे), समुद्राकाठचा त्रिभुज प्रदेश हे सारे या गाळावर उभे आहे. आणि हा डोंगर १९५० मध्ये कसा हलला होता ते आसाम विसरलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिबेटात भूकंप झाला, आणि त्याच सुमारास पासीघाटचा हिरवा सियांग काळपट चिखलाने भरून वाहू लागला. तेव्हा वर काय चालले आहे हे इथल्या लोकांना महिनाभर कळेना. किंथुपच्या ओंडक्यांवर पाळत ठेवायला कुणी नव्हते, तशीच स्थिती आज असणे दोन्ही देशांना शोभणारे नाही. वरच्या पाण्याची आणि गाळाची खबर खालच्या गावाला वेळेवर मिळालीच पाहिजे. ती दोन सरकारांची मर्जी असता कामा नये.

तुम्ही जाणार असाल तर दोनदा जा. एकदा माघात, वाळू उघडी पडलेली असते तेव्हा. पुन्हा आषाढ-श्रावणात, तीच वाळू पाण्याखाली चालत असते तेव्हा. माजुलीत हॉटेलाऐवजी कुणाच्या घरी उतरा, सालमोऱ्याचे एखादे मडके विकत घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की याआधी त्यांचे घर कुठे होते. बहुतेक जण पाण्याच्या दिशेने हात करतील. हाताच्या दिशेने नीट बघा. आणि मुंबईहून रेल्वेने निघालात तर रंगियावरून जाणारी, सराईघाटच्या पुलावर उजेडात पोहोचणारी गाडी निवडा. १९६२ पर्यंत तिथे पूल नव्हता, आमिनगाव ते पांडू हे पाणी प्रत्येकाला नावेनेच ओलांडावे लागत असे.